थकवा कोणाला सांगायचा? कोलेस्टेरॉलच्या गोळीची पन्नास वर्षं

दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकली असेल, तर थोडा वेळ माझ्याबरोबर बसा. आज एक इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्या पनवेल तालुक्यात शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव पहिलं येतं, आणि ते यायलाच हवं. पण आपल्यातल्या कितीतरी जणी रात्री जेवणानंतर जी छोटी गोळी पाण्याबरोबर घेतात, तिलाही इतिहास आहे. त्यात जपानमधला तांदूळ आहे, अमेरिकेतली माकडं आहेत आणि एक अठरा वर्षांची मुलगी आहे.

आधी आमच्या गटातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांनी नाव घेऊ नको म्हटलंय, म्हणून घेत नाही. वय साठीच्या आसपास. पहाटेची गाडी धरून पनवेलच्या बाजारात भाजी विकायला जायच्या. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं, धावपळ करून शहरात नेलं, स्प्रिंग टाकली. तेव्हापासून गोळ्यांचा डबा मागे लागला.

मागच्या पावसाळ्यात काकू बैठकीला येईनाशा झाल्या. मी घरी गेले तर ओटीवर बसलेल्या. म्हणाल्या, "अगं, पाटी उचलवत नाही. चार पायऱ्या चढले की मांड्या भरून येतात. रात्रभर झोपून उठले तरी थकलेलीच." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "ती रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी मी बंद केलीय. दोन महिने झाले. डॉक्टरांना बोलले नाही, रागावतील ते."

मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळा आला. स्प्रिंग टाकलेल्या माणसानं ही गोळी आपल्या मनानं सोडणं म्हणजे नदीला पूर असताना होडीचं वल्हं टाकून देणं. पण काकूंचा थकवाही खोटा नव्हता. मग करायचं काय? गोळी घ्यायची की थकवा ऐकायचा? हाच प्रश्न डॉक्टरांना आणि शास्त्रज्ञांना पन्नास वर्षं पडत आलाय. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगते.

ससे, एक गाव आणि लपवलेली माकडं

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. तो वाईटच असतो असं नाही. शरीराला तो लागतो, आणि बराचसा आपलं यकृतच, म्हणजे लिव्हर, तयार करतं. पण रक्तात तो फार वाढला की नळाच्या पाइपात क्षार धरावा तसा रक्तवाहिन्यांच्या आत थर धरतो.

१९१३ साली रशियात अनिचकोव नावाच्या शास्त्रज्ञानं सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं, तर सशांच्या रक्तवाहिन्यांत असे थर दिसले. पुढे १९४८ साली अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात पाच हजारांहून जास्त बाया-पुरुषांची नोंद सुरू झाली. दर दोन वर्षांनी तपासायचं, कोणाला हृदयविकार होतो ते बघायचं. त्यातून कळलं की रक्तदाब, तंबाखूचा धूर आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल ही हृदयविकाराची मोठी कारणं.

कारण कळल्यावर औषधाची घाई झाली. १९६० साली अमेरिकेत ट्रायपॅरानॉल नावाचं औषध बाजारात आलं. कोलेस्टेरॉल उतरायचं खरं, पण लोकांचे केस गळायला लागले, कातडीला त्रास झाला, डोळ्यांत मोतीबिंदू झाले. आणि पुढे बाहेर आलं की जनावरांवरच्या चाचण्यांत हे कंपनीला आधीच दिसलं होतं.

ते बाहेर कसं आलं, ऐका. त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत एक बाई नोकरीला होत्या. औषध दिलेलं एक माकड आजारी पडलं, तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी नोंदी बदलायला सांगितल्या. बाईंना ते पटलं नाही, त्यांनी नोकरी सोडली. त्यांचे यजमान कामाला जाताना चारचौघांबरोबर एकाच गाडीतून जायचे. त्या गाडीत सरकारी औषध खात्याचा एक निरीक्षक असायचा. गप्पांच्या ओघात ही गोष्ट त्याच्या कानावर गेली, तपासणी झाली, आणि १९६२ साली औषध बाजारातून मागे घेतलं. कंपनीवर खटलाही झाला. एका बाईनं पाहिलेलं योग्य कानावर पडलं, म्हणून किती जणांचे डोळे वाचले असतील!

तांदळावरची बुरशी

आता जपानला जाऊ. तिथे अकिरा एंडो नावाचा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा होता, जन्म १९३३ चा. त्याला लहानपणापासून बुरशी आणि अळंबी यांचं वेड. बुरशीपासून पेनिसिलिन निघालं, हे त्यानं वाचलं होतं. आपल्या महाराष्ट्रातही पिंपरीला १९५४ साली सरकारनं पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला, तो याच बुरशीच्या औषधाच्या जोरावर.

मोठेपणी एंडो एका औषध कंपनीत लागले. त्यांनी विचार केला, की बुरशी जर जंतूंना मारणारा पदार्थ तयार करते, तर शरीरात कोलेस्टेरॉल तयार होणं थांबवणारा पदार्थही एखादी बुरशी तयार करत असेल. १९७१ पासून दोन वर्षं त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सहा हजारांवर बुरशी आणि जंतू तपासले. आणि १९७३ साली हवा तो पदार्थ सापडला. कशात, तर क्योटो शहरातल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत!

आपण रायगडकर भाताच्या मुलखातल्या. पावसाळ्यात तांदळाला कुबट वास आला की आपला जीव हळहळतो. पण कोणी बुरशीचा तांदूळ औषध म्हणून खाऊ नका हं. त्या बुरशीत विषारी पदार्थही असतात. एंडोंनी त्यातला नेमका एक पदार्थ वेगळा काढला होता.

तिथून पुढे या औषधांच्या घराण्याला स्टॅटिन म्हणायला लागले. तुमच्या गोळीच्या पाकिटावर ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन असं काही लिहिलं असेल तर ती याच घराण्यातली.

पहिली रुग्ण एक मुलगी होती

आता माझ्या आजच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

१९७८ साली ओसाका शहरातल्या डॉक्टर यामामोतो यांच्याकडे एक अठरा वर्षांची मुलगी होती. तिच्या घराण्यातूनच तिला हा आजार आलेला. रक्तातलं कोलेस्टेरॉल नेहमीच्या कितीतरी पट. दुसरा इलाज उरला नव्हता. डॉक्टरांनी एंडोंकडून हे नवं औषध मागून घेतलं आणि तिला दिलं. दोन आठवड्यांत कोलेस्टेरॉल उतरायला लागलं. पण त्याच दिवसांत मुलीच्या स्नायूंतली शक्ती गेली. तिला चालणं जड झालं.

म्हणजे बघा, स्टॅटिन घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या माणसांत एक मुलगी होती, आणि "माझ्या अंगात बळ नाही" ही तक्रार त्या औषधाच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे.

डॉक्टर यामामोतोंनी काय केलं? त्यांनी तिला "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हटलं नाही. आणि औषध कायमचं फेकूनही दिलं नाही. आधी थांबवलं. तिचे स्नायू पूर्ववत होऊ दिले. मग कमी मात्रेनं पुन्हा सुरू केलं. इतर रुग्णांनाही कमी मात्रेनं दिलं, आणि कोलेस्टेरॉल उतरलं. थांबणं, तपासणं, मात्रा कमी करणं, पुन्हा सुरू करणं: आजही चांगले डॉक्टर हेच करतात.

एंडोंची स्वतःची गोळी मात्र दुकानात आलीच नाही. कुत्र्यांवरच्या चाचण्यांत शंका आल्यामुळे १९८० साली कंपनीनं ते काम थांबवलं. तिच्या जातीची दुसरी गोळी, लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झाली, आणि मग एकामागून एक आल्या.

फायदा मोठा, पण बायका थोड्या

या गोळ्यांनी जीव वाचतो का? हे १९९४ साली नीट कळलं. युरोपच्या उत्तरेकडच्या देशांत हृदयविकार झालेल्या ४,४४४ माणसांना दोन गटांत वाटलं. एका गटाला सिम्वास्टॅटिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून जास्त काळ पाहिलं. औषध नसलेल्या गटात १०० पैकी १२ जण दगावले, औषध घेणाऱ्यांत ८. शंभरामागे चार घरांतलं माणूस राहिलं. काकूंची गोळी का महत्त्वाची, ते यावरून समजा.

पण त्या ४,४४४ जणांत बायका होत्या ८२७ च. आणि पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात ६,५९५ माणसं होती, सगळेच्या सगळे पुरुष. गोळी मात्र आली दोघांसाठी. भाताची लावणी करून, पाणी भरून, सैपाक करून बाईला कसं वाटतं, हे विचारायला त्या चाचण्यांमध्ये बाईच कमी होती.

आपल्याकडे ही गोळी स्वस्त झाली, त्यामागेही एक कायदा आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधावर मक्ता न देता फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर हक्क दिला. त्यामुळे आपल्या देशातल्या कंपन्यांनी वेगळ्या रीतीनं तीच औषधं बनवली आणि कमी किमतीत विकली. २००५ मध्ये कायदा बदलला, पण तोवर स्टॅटिन घरोघर पोहोचायला लागली होती. आज जनऔषधी केंद्रातही ती मिळते.

२००१ चा धडा

१९९७ साली सेरिवास्टॅटिन नावाची नवी गोळी आली. ताकदीची म्हणून गाजली. पण काही रुग्णांचे स्नायू नुसते दुखून थांबले नाहीत, ते विरघळायला लागले. स्नायू असे फुटले की त्यातला कचरा रक्तातून मूत्रपिंडात जातो आणि किडनी बंद पडते. ऑगस्ट २००१ मध्ये गोळी मागे घेतली, तोवर जगभरात ५२ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यातल्या बऱ्याच जणांना चरबीचंच दुसरं एक औषध बरोबर दिलेलं होतं, नाहीतर गोळीची मात्रा जास्त होती.

आज ज्या स्टॅटिन मिळतात त्यांत असा प्रकार फार क्वचित होतो. पण खूण लक्षात ठेवा: अंग असह्य दुखतंय, हात-पाय उचलवत नाहीत, आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय. असं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

थकव्याची मोजणी

काकूंचा थकवा या टोकाचा नव्हता. तो रोजचा, मुका थकवा होता. असा थकवा मोजायचा कसा?

२०१२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी एका चाचणीचा निकाल छापला. हजाराच्या वर माणसं, त्यांत सुमारे एक तृतीयांश बायका. सहा महिने काहींना स्टॅटिन, काहींना औषध नसलेली गोळी. आणि या वेळी सरळ विचारलं: अंगात आधीइतकी शक्ती आहे का? श्रमानं जास्त थकायला होतं का? स्टॅटिन घेणाऱ्यांत थकवा जास्त निघाला, आणि सिम्वास्टॅटिन घेणाऱ्या बायकांत तो ठळक होता. कितीतरी बायकांना वाटलं असेल, चला, कोणी तरी विचारलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२० साली लंडनच्या डॉक्टरांनी एक मजेशीर चाचणी केली. त्रास होतो म्हणून ज्यांनी गोळी सोडली होती, अशी ६० माणसं घेतली. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या. चारांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. कोणत्या बाटलीत खरं औषध, ते त्यांना माहीत नव्हतं. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण. स्टॅटिनच्या महिन्यांत १६. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत? १५!

म्हणजे "गोळी घेतेय, आता त्रास होणार" या धास्तीनंही शरीर खरोखर दुखतं. ही माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना त्रास होतच होता. पण त्याचं कारण बहुतेक वेळा त्या औषधात नव्हतं. हे कळल्यावर त्यांच्यातल्या निम्म्या जणांनी गोळी परत सुरू केली.

२०२२ साली सव्वा लाखाच्या आसपास माणसांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. स्नायू दुखणं किंवा अशक्तपणा सांगणारे, स्टॅटिन घेणाऱ्यांत १०० पैकी २७.१, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २६.६. म्हणजे अशा पंधरा तक्रारींत साधारण एकीचं कारण खरोखर गोळी असतं, आणि तेही जास्त करून पहिल्या वर्षात.

मग बाकीच्या चौदा जणींचं काय?

हा प्रश्न आपण विचारायला हवा. चौदा जणींचा थकवा गोळीमुळे नसेल, तर तो आला कुठून?

पहिलं कारण आपल्या घरातलंच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं तर गोळी असो नसो, पाटी जड लागणारच.

दुसरं कारण थायरॉइड. हे नीट ऐका. गळ्याजवळची ही ग्रंथी मंद पडली की माणूस थकतो, स्नायू दुखतात, वजन वाढतं आणि कोलेस्टेरॉलही वाढतं. बायकांत हे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. अशा बाईला नुसती कोलेस्टेरॉलची गोळी दिली, तर मूळ आजार तसाच राहतो, आणि मंद थायरॉइडमध्ये स्टॅटिनचा स्नायूंना त्रास होण्याची शक्यताही वाढते. टीएसएच नावाच्या रक्त तपासणीत हे कळतं.

याशिवाय साखर, डी जीवनसत्त्व कमी असणं, अपुरी झोप, मनावरचं ओझं. आणि शेत, घर, बाजार अशी तिहेरी पाळी करणाऱ्या बाईला विश्रांती नसणं, हेही कारणच आहे.

कोणी म्हणेल, मग झाडपाल्याचं घेऊ, त्याचा त्रास नसतो. पनवेलला आयुर्वेद परका नाही. पुराणिक घराण्याचा धूतपापेश्वर औषधी कारखाना इथे १८७२ पासून आहे. गुग्गुळाचीही गोष्ट आहे. १९६६ साली बनारसच्या विद्यापीठात डॉक्टर सत्यवती या संशोधक बाईंनी सुश्रुत संहितेतलं वर्णन वाचून सशांवर गुग्गुळाचा अभ्यास केला, आणि त्यातून पुढे आपल्याकडे गुग्गुळाचं कोलेस्टेरॉलचं औषधही निघालं. पण २००३ साली अमेरिकेत १०३ माणसांवर तपासलं, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी थोडं वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. झाडाचं असो की बुरशीचं, औषध ते औषध. वैद्यांकडचं घेत असलात तरी डॉक्टरांना सांगा, आणि डॉक्टरांचं घेत असलात तर वैद्यांना सांगा.

कागद घ्या, लिहून ठेवा

थकवा येत असेल तर डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या. गोळी कधी सुरू झाली आणि थकवा कधी. थकवा कुठे जाणवतो, दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे, की सगळं अंग. आधी काय जमायचं आणि आता काय जमत नाही, म्हणजे "दोन हंडे आणायचे, आता एक आणते" असं. आणि बाकी कोणती औषधं चालू आहेत. काही अँटिबायोटिक आणि नायट्याच्या पोटात घ्यायच्या काही गोळ्या स्टॅटिनबरोबर घेतल्या तर त्रास वाढतो, म्हणून सगळी पाकिटं पिशवीत टाकून न्या.

मग विचारा: हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासायचं का? स्नायूंसाठी सीपीकेची तपासणी हवी का? मात्रा कमी करता येईल का, की याच घराण्यातली दुसरी गोळी देता येईल? दिवस गेले असतील, राहायचे असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही आधी सांगा. आणि एक कधी करू नका: न सांगता गोळी बंद.

आता काकूंचं सांगते. गटातल्या आम्ही दोघी त्यांच्याबरोबर गेलो. काकू गप्पच. मीच कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचला, दोनदा वाचला. रागावले नाहीत. म्हणाले, "हे मला दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं." रक्त तपासलं, तर थायरॉइड मंद निघालं. आधी त्याची गोळी सुरू केली, आणि काही आठवड्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी कमी मात्रेनं परत.

काकू अजून पाटी स्वतः उचलत नाहीत, नातवाला उचलायला लावतात. पण पहाटेची गाडी पुन्हा धरतात. आणि परवाच्या बैठकीत नव्या आलेल्या एका सूनबाईनं "हल्ली फार थकायला होतं" म्हटलं, तेव्हा पहिला प्रश्न काकूंनीच विचारला: "कधीपासून गं? कागदावर लिहिलंस का?"

तुमच्या पुढच्या बैठकीतही हिशोबाची वही मिटण्याआधी पाच मिनिटं ठेवा. कोण कोण कोणती गोळी घेतं आणि कोणाला थकवा आहे, एवढंच एकमेकींना विचारा.